माय, ती गोळी मी निवडली होती

माय,

बाबा गेले तेव्हा मी सातवीत होते आणि आपल्या घरात तांदूळ नव्हता. चहूकडे धान असलेल्या मुलखात राहून घरात तांदूळ नाही, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. पण शेत आपलं कधी नव्हतंच. आपलं होतं ते पाणी, आणि तेही गावासोबत वाटून घ्यायचं. थंडीत तू गळ्यापर्यंत तलावात उतरून शिंगाडे काढायचीस. बाहेर यायचीस तेव्हा ओठ जांभळे आणि बोटं पांढरीफटक, फुगलेली. मासोळ्यांची टोपली डोक्यावर घेऊन ब्रह्मपुरीच्या बाजाराला निघालीस की कंडक्टर लांबूनच हात हलवून नाही म्हणायचा, म्हणून तू पायी जायचीस. परत येताना कण्या आणायचीस. त्या शिजवून आपण तीन-तीन दिवस काढलेत.

शाळेत माझ्या अंगाला मासोळीचा वास येतो म्हणून माझ्या बाकावर कोणी बसायचं नाही. मी एकदा रडत घरी आले. तू जाळ्याला गाठ मारत होतीस. वर न बघता म्हणालीस, "म्हंजे पुरा बाक तुलेच भेटला ना व? मंग पसरून बस अन् लिही."

मी पसरून बसले आणि लिहिलं. बी.एस्सी. झाले. आपल्या घराण्यात, बाबांकडे किंवा तुझ्याकडे, कॉलेजात पाय ठेवलेली मी पहिली. आज वडशाच्या शाळेत विज्ञान शिकवते. त्याचा मला गर्व आहे, आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही. पण त्याच गर्वानं मी तुझ्या बाबतीत एक गोष्ट केली, आणि तिच्याबद्दल तुझ्याशी नीट बोलायचं राहून गेलं. तू गेल्याला आज सतरा दिवस झाले. आता बोलून काय उपयोग, हे मलाही कळतं. तरी लिहिते.

छातीतली गाठ तू दीड वर्ष लपवलीस. जाळ्याची दोरी घासून आली असेल म्हणालीस, पाला वाटून लावलास, पदर जास्तच ओढून घ्यायला लागलीस. मला कळलं ते तुझी पाठ धरली तेव्हा. ब्रह्मपुरीला फोटो काढला, तिथून नागपूरला पाठवलं. तुकडा काढून तपासला. रिपोर्ट आला त्या दिवशी आपण दोघी डॉक्टर मॅडमसमोर बसलो होतो. तू स्टुलावर, मी खुर्चीवर. हेसुद्धा मला आत्ता लिहिताना जाणवतंय, की खुर्ची मी घेतली होती.

मॅडम सरळ बोलणाऱ्या होत्या. आजार हाडांत गेलाय, म्हणाल्या, तो पूर्ण बरा होणार नाही. पण हा बाईच्या शरीरातल्या हार्मोनवर पोसला जाणारा प्रकार आहे आणि आईंची पाळी जाऊन बरीच वर्षं झाली आहेत. म्हणून सध्या केमो नको, गोळीवर धरता येईल. जितके दिवस धरेल तितके.

मग त्यांनी दोन गोळ्या सांगितल्या. एक जुनी, टॅमॉक्सिफेन. ती हार्मोनला गाठीच्या दारातच अडवते. दुसरी लेट्रोझोल. पाळी गेल्यावरही शरीर थोडं हार्मोन बनवत राहतं, ते बनणंच ती बंद करते. "पाळी गेलेल्या बायांमध्ये दोन्हींची तुलना करून पाहिलेली आहे," मॅडम म्हणाल्या. "दुसरी साधारणपणे जास्त काळ आजार दाबून ठेवते. पण तिनं सांधे आखडतात, हाडं पातळ होतात. पहिलीनं अंगातून वाफा निघतात, कधी पायात रक्ताची गुठळी होऊ शकते, गर्भाशयावर लक्ष ठेवावं लागतं. सुरुवात मी शक्यतो दुसरीनं करते, पण पेशंट बघून. आई काय काम करतात?"

तू तोंड उघडलंस. मी आधी बोलले. "कामाचं सोडा मॅडम, जास्त दिवस धरते ती द्या."

मॅडमनी तुझ्याकडे बघितलं. "आई, तुम्हाला काय वाटतं?"

आणि मी म्हणाले, "तिला काय कळणार यातलं. मी सायन्सची आहे, मला सांगा."

बाहेर आल्यावर औषधाच्या रांगेत तू मला हळूच म्हणालीस, "त्या बाईनं मले इचारलं व्हतं वाटते."

"तू काय सांगणार होतीस?"

"हातानं काम करतो, एवढं तं सांगतलं असतं."

मी हसले. खरंच हसले, माय.

पहिले सहा-सात महिने गोळीनं माझी बाजू घेतली. पाठीचं दुखणं उतरलं. हाडांसाठी अधूनमधून सलाईन लावायला नागपूरला जायचो, तेवढंच. तू परत तलावाच्या पाळीवर, बांधावर जाऊन बसायला लागलीस, बायांना शिव्या घालायला लागलीस. मी एक वही केली होती. तिच्यात रकाने आखून दोन्ही गोळ्यांबद्दल जे जे वाचायला मिळे ते लिहायची. कोणती किती काळ धरते, थांबली तर पुढं काय द्यायचं, सुई कोणती, तिच्यानंतर कोणती गोळी. इंग्रजीतलं वाचून मराठीत लिहायची. त्या वहीचा मला माझ्या डिग्रीपेक्षा जास्त अभिमान होता. मला वाटायचं, मी तुला वाचवतेय.

त्या हिवाळ्यात आपण नागपूरहून येताना स्टँडच्या भिंतीवर नाटकांची पोस्टरं लागली होती. तू उभी राहून सगळी बघितलीस. म्हणालीस, "नाटकात मरनारी बाई पाहाली का तू? मरता मरता अर्धा घंटा गाणं म्हनते. माह्याकून एवढं होनार नाई, आधीच सांगून ठेवतो." शेजारी उभी असलेली म्हातारी इतकी हसली की तिची पिशवी पडली.

मग तुझे हात गेले.

आधी सकाळी बोटं मिटायची नाहीत. मग मिटली की उघडायची नाहीत. चहाचा कप तू दोन्ही तळव्यांत धरायला लागलीस. मासोळी साफ करताना विळा सुटायचा. जाळं घेऊन बसायचीस आणि तासाभरात चार गाठी व्हायच्या, त्याही ढिल्या. ज्या बाईनं मारलेली गाठ सुटत नाही म्हणून गावातले पुरुष आपली फाटकी जाळी आणून टाकायचे, ती बाई.

एका रविवारी तू म्हणालीस, "वने, ती दुसरी गोळी मांग ना डाक्टरनीले. वाफा निघन तं निघन. वाफेनं जाळं नाई अडत."

मी वही काढली आणि तुला रकाने वाचून दाखवले. ही जास्त काळ धरते, म्हणाले. हे बघ, इथं लिहिलंय.

तू शेवटपर्यंत ऐकलंस. मग विचारलंस, "तुह्या वहीतल्या बाया काय काम करते व?"

"म्हणजे?"

"म्हंजे त्यायले हात हायेत का नाई, असं."

मी चिडून वही मिटली. आपला तो वाद तिथंच थांबला. तू जिंकली होतीस, हे मला तेव्हाच कळलं होतं. कबूल आत्ता करतेय.

आणि एक आहे, जे तुला माहीतच नाही. नागपूरला दर वेळी मॅडम विचारायच्या, "सांधे कसे आहेत?" तू तपासायच्या टेबलावरून उतरून चपला शोधत असायचीस. उत्तर मी द्यायचे. मी म्हणायचे, थोडेफार दुखतात, चालतंय. कारण मला भीती होती की त्या गोळी बदलतील आणि माझ्या वहीतले महिने कमी होतील. तुला वाटत राहिलं की डॉक्टर ऐकत नाही. डॉक्टरपर्यंत मी ते पोचूच दिलं नाही, माय.

तू मग तुझा रस्ता काढलास.

आपल्याकडे तलावात जाळं ओढलं की पाळीवर मासोळ्यांचे वाटे पडतात. एक म्हातारा वाट्यांकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा ढिगाला काठी लावून विचारतो, हा कोनाचा? म्हातारा न बघता नाव घेतो, म्हणजे लहानमोठं कोणाच्या नशिबी आलं याचा दोष कोणाला नाही. आणि ज्या घरातून कोणी पाण्यात उतरलं नाही, त्या घराचंही नाव घेतलं जातं. आजाऱ्याचं, बाळंतिणीचं, एकट्या बाईचं. बाबा गेल्यावर दोन वर्षं आपण त्याच वाट्यावर जगलो. हे तुझ्या रक्तात होतं. ते माझ्या डोक्यात यायला हवं होतं, पण आलं नाही.

शेजारच्या शकुन काकूकडे मी आपला गंज, भाताचं मोठं पातेलं, परत आणायला गेले. तिच्या फळीवर तेलाच्या बाटलीमागं चांदीसारखं काहीतरी चमकलं. ओढून बघितलं तर तुझ्या गोळीची पट्टी. कात्रीनं नेमकी मधून कापलेली.

तुझ्या गोळ्या मी दर रविवारी तपासायची. कधी एक जास्त उरली नाही, एक कमी पडली नाही. उरणार कशी? एक दिवस तू घेत होतीस आणि एक दिवस तिला देत होतीस. आठ महिने.

घरी येऊन मी पट्टी तुझ्यासमोर टाकली. तू घाबरली नाहीस. उलट समजावून सांगायला लागलीस, मी लहान असल्यासारखी. "तिलेही तसीच गाठ हाये. तिच्या घरी तिले नागपूरले नेनारं कोनी नाई. अन् मी एक दिवसाआड घेतली तं माहे हातही जरासे चालते. दोघीचं भागते."

"मासोळी आहे का ती, वाटून खायला?"

"मंग मी एकटीच जगू का तिच्यासमोर बसून?"

 त्यावर मी बोलू नये ते बोलले. तू अडाणी राहिलीस आणि अडाणीच मरशील. सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात.

तू दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवलास, माझ्यासमोर कप सरकवलास आणि एवढंच म्हणालीस, "मी शिकली असती तरी मरन आलंच असतं, बाई." तू मला कधी बाई म्हटलं नव्हतंस. ते परक्या, मानाच्या बाईला म्हणतात.

मी तुम्हा दोघींना घेऊन नागपूरला गेले. मॅडमनी शकुन काकूला पहिला प्रश्न विचारला तो पाळीचा. येते, म्हणाली ती. चाळिशीही झाली नव्हती तिची. मॅडमनी पेन खाली ठेवलं. ही गोळी पाळी गेलेल्या बाईची आहे, म्हणाल्या, हिनं ती नुसती घेऊन काही होणार नाही. का होणार नाही, ते त्यांनी सांगितलं, मीही सांगितलं. शकुन काकू आमच्या तोंडाकडे नुसती बघत राहिली. मग तूच बोललीस. "असं पाहा शकुन. माह्या तलावाचा पाट कवाचा बंद झाला, नुसतं झिरपून येनारं पानी व्हतं. गोळी ते झिरपनं थांबवते. तुहा पाट तं अजून धो धो वाह्यते. झिरपनं बुजवून का होनार?"

मॅडम तुझ्याकडे बघत राहिल्या. मीपण. माझ्या वहीत पानं भरली होती, पण इतकं सोपं वाक्य त्यात एक नव्हतं. तिला काय कळणार यातलं, असं मी ज्या खोलीत म्हणाले होते, ती हीच खोली.

तुझा चेहरा मात्र उतरला. कारण बोलता बोलताच तुला हिशेब लागला होता. आठ महिने तू तिला जे दिलंस त्यानं तिची गाठ थांबली नव्हती. उलट औषध चालू आहे म्हणून ती निवांत बसली होती. गाठ काखेपर्यंत गेली होती. येताना बसमध्ये तू तिच्याशी एक शब्द बोलली नाहीस. तीच म्हणाली, "तुमी काऊन मनाले लावून घेता जी, तुमी तं देल्लंच ना, कोनी काई देल्लं नाई." 

तिचं केमो झालं, ऑपरेशन झालं, आणि शेवटी तिला जुनी गोळी सुरू झाली. टॅमॉक्सिफेन. जी तू मागत होतीस ती. एकदा तुम्ही दोघी नागपूरला तपासणीला आल्या असताना तू तिला विचारलंस, "तुहे हात दुखते का व?" ती म्हणाली, "नाई, वाफा निघते नुसत्या." तू माझ्याकडे बघून हसलीस. त्या हसण्यात राग नव्हता. राग असता तर मला आज बरं वाटलं असतं.

त्याच दिवशी मी मॅडमना तुझ्या हातांचं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "एवढा त्रास होता तर आपण बदलली असती. त्यासाठीच तर मी विचारत होते." बदलायचं ठरलं, त्याआधी तपासण्या केल्या, आणि तपासणीत आजार यकृतात दिसला. आता जुन्या गोळीची वेळ निघून गेली होती. सुई द्यायची ठरली, महिन्यातून एकदा, एका वेळी दोन. दोन्ही कुल्ल्यांत एकेक.

"दोन्हीकडं टोचते," तू नर्सला म्हणालीस. "आता बसाले जागा कोठी ठेवली तुमी माह्यासाठी?"

मी मॅडमना एकटीनं गाठून विचारलं, एक दिवसाआड घेतल्यामुळं असं झालं का? त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही. रोज घेतली असती तरी ती कधीतरी थांबलीच असती. सगळ्यांची थांबते." मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. या उत्तराला रकाना नाही. माझ्या उरलेल्या आयुष्यात मी कितीही शिकले तरी मला एवढंच कळणार आहे, की सांगता येत नाही.

लेट्रोझोल बंद झाल्यावर दोनेक महिन्यांत तुझी बोटं सुटायला लागली. आजार आत वाढत होता आणि बाहेर हात मोकळे होत होते. मी असं काही कधी बघितलं नव्हतं. तुझं पोट फुगत होतं, डोळे पिवळे व्हायला लागले होते आणि तू पाळीवर बसून भराभर जाळं विणत होतीस. गावातली फाटकी जाळी परत यायला लागली. मी रविवारी आले की तू बोटं माझ्यासमोर उघडून मिटून दाखवायचीस. 

सुईनंही धरलं नाही. मॅडमनी पुढची गोळी सांगितली, आणि केमोचंही सांगितलं. दोन्हींनी फार काही होईल असं त्यांच्या आवाजात नव्हतं. त्या वेळी खुर्ची तुझी होती आणि मी उभी होते. मॅडमनी विचारलं, आई, काय करायचं? मी दात घट्ट मिटून घेतले. तू विचार केलास, छान वेळ घेऊन. मग म्हणालीस, "आता पुरे. मले घरी जाऊ द्या." आणि माझ्याकडे वळून, "चालन ना व वने?"

मी हो म्हणाले. त्या होकारात माफी होती. पण ती मी वेगळी, शब्दांनी मागितली नाही. घरी गेल्यावर मागू म्हटलं. घरी गेल्यावर तू नऊ दिवस होतीस. पहिले तीन बोलत होतीस. मी त्या तीन दिवसांत तुला भात खा, पाणी पी, कूस बदल, एवढंच म्हणत राहिले.

शकुन काकू रोज येते. तिचे केस परत येतायत, बारीक. तिचं पुढं काय होणार हे मॅडम सांगत नाहीत आणि मी विचारत नाही. काल ती दारात बसून रडली. मला म्हणाली, तुह्या मायनं मले आपल्या जीवातलं अर्धं काढून देल्लं. मी तिला सांगू शकले नाही की ते अर्धं तिच्या काही कामाचं नव्हतं. तिला ते माहीतही आहे. तरी ती तसंच म्हणते. कदाचित तिचंच बरोबर असेल. मला आता कोण बरोबर होतं ते ठरवता येत नाही.

तू मला पसरून बसायला शिकवलंस आणि मी इतकी पसरले की तुलाच जागा उरली नाही. माझं शिक्षण तुझ्या पाण्यात भिजलेल्या बोटांनी झालं. त्या शिक्षणानं तुला बरं करता आलं नाही, ते तर मॅडमनाही जमलं नाही. पण तुझं म्हणणं तुझ्या तोंडून पोचू द्यायला डिग्री लागत नव्हती, आणि तेवढंही मी केलं नाही. याला मी दुसरं नाव देणार नाही.

आजार कळल्यापासून तुला अडीच वर्षं मिळाली. त्यातले शेवटचे चार महिने तुझे हात चालत होते, आणि त्या चार महिन्यांत तू सहा जाळी पुरी केलीस. एवढंच जमलं.

वनिता